फोटोशिवाय कोणी येऊ नये

सोमवार, १० फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी नियमित. मागची वही ऑगस्टमध्ये सुटली. का सुटली याच्या खोलात जाणार नाही.

सकाळी नेस्ट रोलंड्स आली. गावातल्या म्हाताऱ्यांचे केस घरोघरी जाऊन कापते ती. व्हॅन बाहेर चालूच ठेवली होती. म्हणाली, सर, मी उभी राहतेय. जुने कौन्सिलर कंबरेच्या ऑपरेशननंतर मुलीकडे राहायला गेले, त्यांच्या जागेची पोटनिवडणूक तेरा मार्चला. समोर ग्लिन बेब, मेंढ्यांचा लिलाव करणारा. बाकी कोणी नाही.

प्रश्न शाळेचा आहे. एकोणीस मुलं उरलीत. जूनमध्ये काउंटी कौन्सिल ठरवणार की आमची शाळा बंद करून मुलांना नऊ मैलांवरच्या मोठ्या शाळेत न्यायचं की नाही. कौन्सिलमध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या. म्हणजे आमच्या कूमडेर्वेन गावचा माणूस ज्या बाजूला हात वर करेल ती बाजू जिंकली. ग्लिन म्हणतो, काळाबरोबर चाललं पाहिजे. नेस्टची मुलगी माली त्याच शाळेत तिसरीत आहे.

त्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. नेस्टला शिकवलं, ग्लिनलाही शिकवलं. एकाच बाकावर बसायचे.

नेस्ट म्हणाली, खालचा गाव मी बघते, पण वरचा गाव तुमच्याशिवाय कोणाचं ऐकायचा नाही. एकशे चाळीस घरं. पत्रकं वाटायची, दोन शब्द बोलायचे, आणि यादीवर खूण करायची: नक्की, कदाचित, नाही.

हो म्हणालो. दुसरं काही म्हणताच आलं नसतं. १९९३च्या ऐस्तेद्वोदमध्ये, म्हणजे आमच्या गाण्या-कवितांच्या स्पर्धेत, पाठांतराचं पहिलं बक्षीस मी ग्लिनला दिलं होतं. नेस्ट त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली म्हणाली होती. पण ग्लिनचे वडील चॅपलचे कारभारी होते आणि चॅपलचं छप्पर गळत होतं. ती नऊ वर्षांची होती. टाळ्या वाजवत होती. ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

संकल्प: रोज वीस घरं. सात दिवसांत काम फत्ते.


बुधवार, १२ फेब्रुवारी

पत्रकं आली. दोन गठ्ठे. पियानोवर ठेवली.

मजकूर वाचला. मुद्दे बरोबर, पण वाक्यांना श्वास नाही. "शाळा वाचवा. बस परत आणा. रस्ते दुरुस्त करा." हे काय आहे? किराणा मालाची यादी. आम्ही मुलांना शिकवत होतो तेव्हा नदीवरची साधी चार ओळींची कविता वर्गात म्हटली की खिडकीबाहेरची नदीसुद्धा ऐकते आहे असं वाटायचं. मागे चार ओळी जोडाव्यात असं नेस्टला सुचवेन.

आज बाहेर गेलो नाही. धुकं. गुडघा.

बेटी, माझी थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची, जिभेनं वीस वर्षांची, म्हणाली, अरे एम्रिस, पत्रकं वाटायची असतात, त्यांना चाल लावायची नसते.

उद्यापासून चाळीस घरं. हिशेब तोच राहतो.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सात घरं झाली! प्रत्येक घरात चहा, पाच घरांत बारा ब्रिथ, मनुकांचा गोड पाव. मनुका कोणाकडेच पूर्वीसारख्या भिजवत नाहीत. पण माणसं तीच. कोणाच्या पोराला मी पाढे शिकवलेले, कोणाला स्वतःलाच. निवडणुकीचा विषय निघायला वेळ लागतो, आधी जुन्या दिवसांचा निघतो, आणि तो निघाला की त्याला मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

शेवटी दारात उभं राहून विचारतो, नेस्ट चांगली मुलगी आहे, नाही? सगळे म्हणतात, हो, चांगलीच आहे. सातही घरांवर "नक्की" अशी खूण केली.

येताना दुकानात ग्लिन भेटला. माझी पिशवी उचलून घेतली. म्हणाला, सर, तुमचा आशीर्वाद धरून चालू ना? मी म्हणालो, ग्लिन, माझं तुझ्यावर पहिल्यापासून लक्ष आहे. हे खोटं नाही. तरी पिशवी परत घेताना हात अवघडला.


बुधवार, १९ फेब्रुवारी

नेस्टचा फोन. सर, किती घरं झाली? मी म्हणालो, मोठा भाग उरकला.

अठरा झाली आहेत.

अठरा घरं हा मोठा भाग नाही हे मला कळतं. पण मी ज्या तऱ्हेनं त्या घरांत बसलो ती तऱ्हा मोठी आहे. एक मत मिळवायला कोणी पाच मिनिटं लावतो, कोणी चाळीस वर्षं. मी दुसऱ्या प्रकारचा.

तरीही. उद्या तीस. पावसातही.


शनिवार, २२ फेब्रुवारी

मतदानाचं कार्ड पोस्टानं आलं. नेहमीप्रमाणे एका बाजूला वेल्श, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी बाजू मी तत्त्व म्हणून वाचत नाही. वेल्श बाजू दोनदा वाचली, लाल पेन्सिल हातात घेऊन. काय ही भाषा! ऑफिसात कोणीतरी मशीनचे कान पिळून लिहायला लावलेली. एका वाक्याला सुरुवात आहे पण शेवटापर्यंत पोचेपर्यंत माणूस म्हातारा होतो. एक अख्खी ओळ ठळक अक्षरात, आणि तिच्यातच सगळ्यात कमी ताल. तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. कौन्सिलला तीन पानी तक्रार लिहिली. छान उतरली.

लिहिता लिहिता गेल्या जुलैची आठवण आली. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, निवडणुकीला चॅपलच्या मागच्या खोलीत मत द्यायला गेलो. टेबलामागे एर्लिस. हिला मी अ आ शिकवलं, हिचा दुधाचा दात माझ्या वर्गात पडला. आणि ती म्हणते, सर, फोटोचं ओळखपत्र दाखवा. मी म्हणालो, एर्लिस, मी कोण आहे? ती म्हणाली, प्यू सर. मग? मग म्हणे, फोटोशिवाय मतपत्रिका देता येत नाही, नियम आहे. मागे रांग. घरी जाऊन पासपोर्ट घेऊन आलो. माझ्या उभ्या आयुष्यात मला वर्गाबाहेर काढण्याची ती एकच वेळ.

आणि मग एकदम डोक्यात आलं. वरच्या गावातली म्हातारी माणसं! बस बंद होऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे बसचा फोटोपास कोणी काढत नाही. गाडी चालवत नाहीत, म्हणजे लायसन नाही. परदेशी जात नाहीत, म्हणजे पासपोर्ट नाही. तेरा तारखेला ही सगळी नटून-थटून उतार उतरून जाणार आणि एर्लिस त्यांना दारातून परत पाठवणार.

हे होऊ देणार नाही. नेस्टला आत्ता सांगत नाही. तिला आधीच शंभर व्याप.


सोमवार, २४ फेब्रुवारी

सूचना तयार. चांगल्या हस्ताक्षरात चार प्रती.

मत द्यायला निघताना
खिसा एकदा चाचपावा,
पासपोर्ट किंवा लायसनवर
आपलाच चेहरा असावा.

नसेल ज्यांच्याजवळ फोटो
त्यांनी घरीच बसावे;
दारावरून फिरण्यापेक्षा
शेगडीपाशी बरे असावे.

खाली: ए. प्यू, निवृत्त शिक्षक.

बेटीला वाचून दाखवली. ती म्हणाली, यात मत कोणाला द्यायचं ते कुठंय? मी म्हणालो, ही नागरिकशास्त्राची बाब आहे, प्रचाराची नाही. मग म्हणाली, कार्डावर काय लिहिलंय ते वाचलंस ना? वाचलंस म्हणजे? दोनदा! लाल पेन्सिलीनं! तिनं भुवई उंचावली आणि भांडी विसळायला गेली. तिला कवितेत गती कधीच नव्हती.

चॅपलच्या मागच्या दारावर, दुकानात, दवाखान्याच्या बाकांसमोर आणि बसस्टॉपवर लावली. बस येत नाही, पण वारा चुकवायला माणसं तिथं उभी राहतात.

आज बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

उद्या वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस, पण शनिवार म्हणून शाळेत आजच कार्यक्रम. एकोणीस मुलं, कोटांवर एकोणीस डॅफोडिलची पिवळी फुलं. गरम काव्ल सूप, मटण आणि लीकच्या कांदापातीचं. मालीनं पाठांतर म्हटलं. शेवटच्या कडव्यापाशी ती अडखळली आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. पन्नास वर्षं तीच खोली, तोच खडूचा वास, खिडकीतून तीच टेकडी. ही खोली बंद झाली तर इथे म्हटलेल्या सगळ्या कविता कुठे राहायला जातील?

रडलो. समोरच्या रांगेत ग्लिनही डॅफोडिल लावून बसला होता. टाळ्या सगळ्यात जोरात त्याच्याच.

नेस्ट जवळ येऊन बसली. सर, खरं सांगू, मला भीती वाटते. मी हरले तर मालीला काय सांगू, की तुझी शाळा मी घालवली? मी तिचा हात थोपटला. म्हणालो, वरच्या गावाची काळजी सोड.

शहाऐंशी पत्रकं अजून पियानोवर आहेत. उद्यापासून खरोखर.


मंगळवार, ४ मार्च

पत्रकं राहिली, पण त्याहून मोठं काम हाती घेतलं. ज्यांच्याकडे फोटो नाही अशांची यादी केली आणि स्वतः जाऊन एकेकाला सावध करतो आहे. सूचना भिंतीवर असली तरी माझ्या तोंडून ऐकणं वेगळं. तीन दिवसांत तेवीस घरं!

इद्वलदादा एक्याण्णव वर्षांचे. त्यांनी फ्रेम काढून आणली. १९८१ साली बक्षीस मिळवलेल्या मेंढ्याबरोबरचा फोटो. मास्तर, हा चालेल? मी म्हणालो, दादा, यात मेंढा स्पष्ट आहे, तुम्ही नाही. ते म्हणाले, मग मेंढ्यालाच पाठवू का? खूप हसलो. मग त्यांनी फ्रेम परत भिंतीवर लावली आणि म्हणाले, जाऊ दे, तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. कौन्सिलच्या मतदानाला एकोणीसशे पंचावन्नपासून एकदाही चुकलो नव्हतो.

ओल्वेनबाई ट्यूडर, अठ्ठ्याऐंशी. पासपोर्ट आहे, पण १९९४ला संपलेला. एकदाच गेल्या होत्या फ्रान्सात लूर्दच्या तीर्थाला, बहिणीच्या पायासाठी. मी म्हणालो, संपलेल्या कागदावर एर्लिस हुज्जत घालेल, नकोच. त्या म्हणाल्या, नेस्टला वाईट वाटेल हो. दर गुरुवारी येते, केस सेट करते, पैसे घ्यायला विसरते. मी म्हणालो, नेस्टला मी समजावीन.

तेवीस माणसांचा अपमान टळला.

संध्याकाळी नेस्टला यादी दिली. "नक्की": एकसष्ट. तिनं मला मिठीच मारली. सर, मग जमलं हो! त्या एकसष्टमध्ये हे तेवीस आहेत. मनानं ते नक्कीच आहेत. तिला हे वेगळं सांगायला हवं होतं. तिचा चेहरा बघून सांगवलं नाही.


रविवार, ९ मार्च

उरलेल्या पत्रकांवर तोडगा सापडला. चॅपलमध्ये लवकर जाऊन प्रत्येक गीतपुस्तकात एक एक घातलं. सगळ्यांच्या लाडक्या गीताच्या पानावर, म्हणजे पुस्तक उघडलं की नेस्ट समोर.

गीत सुरू झालं. एकाही माणसानं पुस्तक उघडलं नाही. सगळ्यांना पाठ. मीच पाठ करून घेतलेलं. चार आवाजांत काय गायले! डोळे भरून आले आणि पत्रकं तशीच राहिली. नंतर पाद्रीसाहेबांनी ती गोळा करून माझ्या हातात दिली.

आता पियानोच्या बाकाच्या आत. बाकावर बसलं की जाणवतात.


गुरुवार, १३ मार्च

सकाळी ९:१०

आज मतदान. पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात. टाय. बेटी माझ्याआधीच जाऊन आली, पर्ससुद्धा न घेता.


११:२०

चॅपलमधून परत आलो. बसून लिहितो आहे.

टेबलामागे एर्लिसच. मी खिशातून पासपोर्ट काढून उघडून समोर धरला. ती म्हणाली, सर, ठेवा तो. मी म्हणालो, नाही, बघ. नीट बघ. ती म्हणाली, सर, बघायची गरज नाही. मी म्हणालो, एर्लिस, जुलैत तू मला परत पाठवलंस, आज बघावंच लागेल. मागचे हसायला लागले. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, सर, फोटो वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीला लागतो. आपल्या कौन्सिलच्या आणि कार्डिफच्या संसदेच्या निवडणुकीला लागत नाही. आपल्या वेल्समध्ये नियमच तसा आहे. नाव सांगायचं, झालं. कार्डावर लिहिलंय की, ठळक अक्षरात.

घरी येऊन कार्ड काढलं. ठळक ओळ. तिच्याखाली माझ्या दोन लाल रेघा, आणि बाजूला माझ्याच अक्षरात: "ताल नाही."

तेवीस माणसं घरी बसली आहेत.


११:४०

घाबरायचं कारण नाही. मतदान रात्री दहापर्यंत आहे. हातात दहा तास वीस मिनिटं. तेवीस घरं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, पावणेसहा तासांत सगळं पूर्ववत. साधं काम. जायचं, दारातच सांगायचं: माझी चूक झाली, फोटो लागत नाही, चला.

"माझी चूक झाली" हे आधी की शेवटी, एवढंच ठरवायचं आहे.


१२:५०

आधी सूचना काढल्या. चॅपलची, दुकानातली, बसस्टॉपवरची. मूळ आधी उपटावं. घडी घालून खिशात ठेवल्या. आता ओल्वेनबाई.


३:३०

ओल्वेनबाईंकडून आलो.

खिडकीतून दिसताच त्यांनी दार उघडलं. चहा तयारच होता. मी बसण्याआधीच म्हणाल्या, मास्तर, मत देऊन आलात? फोटोचा काही त्रास नाही ना झाला? मी म्हणालो, नाही, काहीच त्रास झाला नाही.

हे शब्दशः खरं आहे.

मग म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते किती बरं झालं हो, नाहीतर मी म्हातारी तिथं जाऊन तोंडघशी पडले असते. सगळ्यांना सांगते, मास्तर आहेत म्हणून आपण आहोत.

त्यानंतर कसं सांगायचं? थोडा वेळ जाऊ द्यावा असं वाटलं. त्यांनी १९६१च्या ऐस्तेद्वोदचा विषय काढला. कोणती कविता, कोण कुठे उभा, कोणाचा आवाज फुटला. मीही रंगलो. मध्ये घड्याळात अडीच वाजले. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांनी बिस्किटं पुढे केली. दुसऱ्यांदा त्यांनी काहीच केलं नाही, मीच मिटलं.

निघताना म्हणाल्या, नेस्ट जिंकेल ना? मी म्हणालो, जिंकेल.

बावीस राहिले. त्यांच्यापैकी सहा-सातांना जरी सांगितलं तरी पुष्कळ.


५:१५

इद्वलदादांच्या फाटकापर्यंत गेलो. ते खिडकीत बसलेले दिसले. अंगात काळा सूट, कडक कॉलर. कुठेही जायचं नसताना. कुत्रं भुंकलं. दादांनी मान वळवायच्या आत मी कुंपणाच्या आडोशाला झालो. असं का केलं ते लिहिता येत नाही.


६:४५

फोनवरून सांगणं सोपं. नेस्टला फोन लावावा, ती व्हॅन घेऊन अर्ध्या तासात सगळ्यांना उतरवून आणेल. हेच बरोबर. लावला. दोनदा वाजल्यावर ठेवला. नेस्टला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल: एकसष्ट नक्की, पियानोचा बाक, सूचना.

बेटी दारातून बघत होती. म्हणाली, एम्रिस, जेवायला घेऊ की अजून बाहेर जायचंय? मी म्हणालो, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, हो, दुखणारच.


७:३०

अंधार पडला. नव्वदीच्या माणसांना अंधारात उतारावरून नेणं जबाबदारीचं होणार नाही. शिवाय नेस्टला खालच्या गावातून भरपूर मतं पडली असतील. कदाचित तेवीसची गरजच पडणार नाही. खरं तर पडणारच नाही.


शुक्रवार, १४ मार्च

मतमोजणी सकाळी, शहरातल्या स्पोर्ट्स हॉलमध्ये. बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडलेली.

ग्लिन बेब: २२९. नेस्ट रोलंड्स: २१८.

अकरा.

मी तिथल्या तिथे वजाबाकी तीनदा केली. मग तेवीसमधून अकरा वजा केले. मग करायचं थांबवलं.

ग्लिननं माझा हात दोन्ही हातांत घेतला. सर, सगळं तुमच्यामुळे. आभार मानायची त्याची ही लहानपणापासूनची पद्धत आहे, दुसरा काही अर्थ नाही. वार्ताहराला म्हणाला, जूनमध्ये मोठ्या शाळेच्या बाजूनं हात वर करणार.

नेस्ट हसत होती, छातीवर पिवळ्या रिबिनीचा गोंडा. परतताना व्हॅनमध्ये म्हणाली, सर, वरचा गाव उतरलाच नाही. ओल्वेनबाई नाही, इद्वलदादा नाही, कोणी नाही. माझ्या हातानं ज्यांचे केस कापते ती माणसं. तोंडावर गोड बोलली आणि घरी बसली. मग म्हणाली, तुम्ही एवढं फिरलात, तुम्हालाही फसवलंच की त्यांनी.

मी खिडकीबाहेर बघत होतो. मी म्हणालो, माणसं म्हातारी झालीत.


रविवार, १६ मार्च

बेटीनं बातमी आणली. नेस्टनं ओल्वेनबाईंचा गुरुवार रद्द केला. कारण सांगितलं नाही. ओल्वेनबाई चॅपलमध्ये टोपी खाली ओढून बसल्या होत्या, केस तसेच. सारख्या विचारत होत्या, माझं काय चुकलं?

मी बेटीला म्हणालो, तुला कार्डावरचं माहीत होतं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, मी विचारलं होतं. तू कविता वाचत होतास.

मग म्हणाली, एम्रिस, सूचना चुकली तर चुकली. माणसं चुकतात. पण गुरुवारी साडेअकरापासून तू काय करत होतास, ते एकदा स्वतःला विचार.

विचारलं.

संकल्प: उद्या नेस्टकडे जाऊन सगळं सांगायचं. पहिल्यापासून. १९९३पासून.


सोमवार, १७ मार्च

पाऊस नव्हता. गुडघा ठीक होता. गेलो नाही.

कबुली लिहून काढावी असं ठरवलं, बोलताना माणूस भरकटतो. नऊ कडवी झाली. सहाव्यात टेकडीचं वर्णन फार सुंदर उतरलं आहे. मग लक्षात आलं की नऊ कडव्यांत फोटोचा उल्लेखच नाही. शेगडीत घातली.


मंगळवार, १८ मार्च

गेलो.

नेस्ट स्वयंपाकघरात होती. टेबलावर मोठ्या शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म, अर्धा भरलेला. शेजारी माझी सूचना. दवाखान्यातली काढायची राहिली होती. तिथं कोणाचे तरी केस कापायला गेली होती, तेव्हा दिसली.

मी उभाच. ती म्हणाली, बसा, सर. चहा ठेवला. मग सूचना मोठ्यानं वाचली, पाठांतरासारखी, प्रत्येक विराम जागच्या जागी. अजूनही ग्लिनपेक्षा चांगली म्हणते.

म्हणाली, मी काल रडले, आज नाही. तुम्हाला त्यांची लाज वाचवायची होती, मला कळतं. चूक कोणाचीही होते. ओल्वेनबाईंवर मी उगीच रागावले, ते मला जास्त लागतंय.

मी म्हणालो, नेस्ट, मला तुला सांगायचं होतं. ती म्हणाली, एकच सांगा, म्हणजे मला झोप येईल. तुम्हाला कधी कळलं, फोटो लागत नाही ते?

माली दप्तर घेऊन दारात उभी होती. चहाला उकळी आली होती.

मी म्हणालो, शुक्रवारी. निकालानंतर.

तिनं श्वास सोडला. म्हणाली, मग ठीक आहे, सर. मग काही करता आलंच नसतं.

म्हणाली, चला, तुम्हाला घरी सोडते, वाटेत ओल्वेनबाईंची माफी मागते. मी म्हणालो, चालत जाईन. तिनं ऐकलं नाही, माझ्या गुडघ्याची तिला काळजी.

ओल्वेनबाईंच्या दारापाशी व्हॅन थांबवली. मी म्हणालो, मी इथेच बसतो. ती उतरली. ओल्वेनबाई दारात आल्या, टोपीशिवाय. नेस्टनं त्यांना मिठी मारली. मग ओल्वेनबाईंचं लक्ष व्हॅनकडे गेलं. त्यांनी मला आनंदानं हात केला आणि नेस्टला काहीतरी सांगू लागल्या, त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवत. मग दोन बोटं वर केली. दोन तास, गुरुवारी मत देऊन आल्यावर बसलो होतो ते. त्यांना कौतुक वाटत होतं.

काच बंद होती. ऐकू काहीच आलं नाही.

नेस्ट वळली आणि व्हॅनकडे बघत उभी राहिली.

परत येऊन बसली, पट्टा लावला, गाडी सुरू केली. गावातून वीसच्या वर जायचं नाही असा नियम आहे आणि नेस्ट नियम पाळते. माझ्या घरापर्यंत दीड मैल. फाटकाशी मी म्हणालो, आभारी आहे. ती म्हणाली, सांभाळून उतरा, मिस्टर प्यू.